भाच्याला परदेशी नेताना ‘आपल्याच पॉलिसीत नाव टाका’?

परीक्षा संपत आल्या की घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच. भाचा, पुतणी किंवा लेकीची मैत्रीण सुट्टीत तुमच्यासोबत परदेशी येतेय? तिच्या वेगळ्या प्रवास विम्यावर पैसे उधळू नका. आपल्या फॅमिली पॉलिसीत नाव टाकून द्या. ते नाही जमलं तरी तिच्या आईवडिलांचं मेडिक्लेम आहे, तुमच्या क्रेडिट कार्डावर फुकटचा विमा आहे, तिकिटासोबतही मिळतोच. आणि आईवडिलांचं संमतीपत्र जवळ असलं की बाकी कशाचीच चिंता नाही.

यातलं मेडिक्लेमचं वाक्य अर्धं खरं आहे, ते पुढे येईलच. बाकीचं वाचून कुणी विमा काढला नाही, तर भुर्दंड मेसेज लिहिणाऱ्याला पडत नाही.

आधी फॅमिली पॉलिसी. बहुतेक कंपन्यांच्या प्रवास विम्यात ‘कुटुंब’ म्हणजे आपण, जोडीदार आणि आपली अवलंबून असलेली मुलं, तीही बहुधा दोन. जास्त नाती घेणाऱ्या थोड्या पॉलिसी आहेत, पण त्यांत नात्यांची यादी छापलेली असते. ती वाचल्याशिवाय काही गृहीत धरू नये. लेकीची मैत्रीण तर कुठल्याच यादीत सापडायची नाही. लोक काय करतात, ऑनलाइन फॉर्मवर नात्याच्या रकान्यात सरळ ‘मुलगा’ निवडतात. पैसे कापले जातात, पीडीएफ मेलवर येते, सगळं ठीकठाक दिसतं. कारण पॉलिसी विकताना नातं कुणी तपासत नाही. तपासतात ते क्लेम आल्यावर. तेव्हा कागदांवर आईबापांची नावं वेगळी निघतात आणि चुकीची माहिती दिल्याचं कारण कंपनीच्या हातात आपणच ठेवलेलं असतं.

सरळ वाट अशी: मुलाच्या नावाने स्वतंत्र पॉलिसी, आणि प्रस्तावक म्हणून, म्हणजे फॉर्म भरून विमा मागणारी व्यक्ती म्हणून, आई किंवा वडील. मामाने नव्हे, मावशीनेही नव्हे. पैसे मामाने दिले तर बिघडत नाही, फॉर्म मात्र आईने भरावा. हा नुसता सोपस्कार नाही. फॉर्मवर एक प्रश्न असतो: कुठला आजार आहे का, कुठली औषधं चालू आहेत का. मामा डोळे झाकून ‘नाही’वर टिक करतो, कारण त्याच्या दृष्टीने पोरगं ठणठणीत आहे. थंडीत त्याला दम लागतो आणि दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात पंप असतो, हे आईला ठाऊक असतं. लहानपणी तापात एकदा फिट आली होती, शेंगदाण्याने अंगावर पित्त उठतं, हेही तिलाच. आधीपासूनच्या आजारावरचा खर्च बहुतेक प्रवास पॉलिसी एरवी देत नाहीत, जिवावर बेतलं तरच आणि मर्यादेपर्यंत देतात. मात्र आजार सांगितलेला असणं आणि लपवलेला निघणं यांत क्लेमच्या टेबलावर फार अंतर पडतं. मुलाची माहिती आईकडे, मुलाचा हात मामाच्या हातात आणि पॉलिसी कुठल्यातरी तिसऱ्याच्या मेलबॉक्समध्ये, अशी वाटणी झाली की विमा असून नसल्यासारखा.

आता ते अर्धं खरं वाक्य. भारतात फिरायला जात असाल तर आईवडिलांचं मेडिक्लेम खरोखर कामाला येतं. पोरांना घेऊन तारकर्लीला गेलात आणि एकाला ताप चढून भरती करावं लागलं, तर त्याच्या घरची पॉलिसी चालते. फक्त मुलाचं हेल्थ कार्ड, आधार आणि कंपनीचा हेल्पलाइन नंबर तुमच्या फोनमध्ये हवा. तातडीच्या भरतीत साधारण २४ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि आईचा फोन लागत नाही ही सबब तिथे ऐकून घेत नाहीत. परदेशात मात्र साध्या मेडिक्लेमचं काम संपतं. त्यातली उपचारांची हद्द भारतापुरती असते. बाहेरच्या देशांसाठी मुद्दाम वाढीव संरक्षण घेतलेलं असेल तरच अपवाद.

क्रेडिट कार्डाचं एका परिच्छेदात उरकू. ते संरक्षण बहुतेक वेळा कार्डधारकाचं असतं, त्यात भर विमान अपघातावर असतो आणि तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असण्याची अट असते. भाचा कार्डधारक नाही. विषय संपला.

तिकिटासोबतच्या विम्याची गोष्ट जरा गमतीची आहे. आयआरसीटीसीवर ई-तिकीट काढताना माणशी ४५ पैशांत विमा मिळतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, दवाखान्याच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. ४५ पैशांत वाईट काहीच नाही, जरूर घ्या. पण तो रेल्वे अपघाताचा विमा आहे. गाडीत पोरगं वरच्या बर्थवरचं काहीबाही खाऊन आजारी पडलं, तर त्याचा या विम्याशी संबंध नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचं वेगळा बर्थ न घेता नाव टाकलं असेल, तर तो विमा त्याला लागूच होत नाही. विमान तिकिटाच्या पानावरचा विमाही असाच: कधी फक्त सामान आणि उशीर, कधी दवाखानाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये पोर्टलांना सांगितलं की हा पर्याय आधीच टिक करून ठेवायचा नाही. म्हणजे टिक तुम्ही केलीत तरच विमा, आणि केलीत तर कशासाठी केलीत ते वाचायची जबाबदारीही तुमची.

उरलं संमतीपत्र. ते हवंच. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी मूल आईवडिलांखेरीज कुणासोबत जात असेल तर पालकांची संमती मागतात, आणि त्याच अर्जात किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही मागतात. दोन्ही वेगवेगळे कागद म्हणून मागतात, यातच उत्तर आलं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही नैसर्गिक पालक म्हणजे आईवडील. मामा-आत्या-आजोबा कितीही जिवाचे असले तरी त्यात नाहीत. म्हणून पत्रात ‘सहलीला नेण्यास हरकत नाही’ एवढ्यावर थांबू नये. तातडीच्या उपचारांना संमती द्यायचा अधिकार अमुक व्यक्तीला दिला आहे, हे स्पष्ट लिहून, नोटरी करून घ्यावं. डॉक्टर ते पाहतील. बिलाच्या खिडकीवरचा माणूस मात्र पॉलिसी नंबरच विचारील.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही ते याहून महत्त्वाचं आहे. प्रवास पॉलिसीतले कितीतरी लाभ नात्यावर टांगलेले असतात. तुम्हीच आजारी पडून तिथे भरती झालात, तर सोबतच्या अल्पवयीन मुलाला घरी पाठवायचा खर्च काही पॉलिसी देतात, पण तो तुमच्या मुलाचा. पाहुण्या मुलाचा द्यायचा तर त्याच्या स्वतःच्या पॉलिसीत तसं हवं. मूल काही दिवस भरती राहिलं तर घरातल्या एकाला तिकडे यायचं भाडं मिळू शकतं. यायचं कुणी? आईने. मग तिचा पासपोर्ट चालू आहे का, हे निघण्याआधी कुणीतरी विचारलेलं बरं. आणि तुमच्या सासऱ्यांच्या आजारपणामुळे सहल रद्द झाली, तर तुमचा क्लेम बसेल, भाच्याचा कदाचित बसणार नाही, कारण ते त्याच्या जवळच्या नात्यात मोडत नाहीत. एकाच कारणाने एकाच विमानातून राहून गेलेल्या दोन पोरांचे निकाल वेगवेगळे लागू शकतात.

पैशाचंही आधीच बोलून ठेवा. नातेवाइकांत हे बोलायला अवघड जातं, म्हणूनच. छोटी बिलं बहुतेक वेळा तिथे आपण भरायची आणि परत येऊन मागायची असतात. मामा आपलं कार्ड घासतो, भरपाई मात्र प्रस्तावक म्हणून आईच्या खात्यात येते. शिवाय क्लेमला मूळ बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्टवरचे शिक्के लागतात. बिलं मामाच्या बॅगेत नाशिकला आणि पासपोर्ट बहिणीकडे सोलापूरला, असं झालं की महिनाभर कुरिअरच चालतं. परतल्यावर विमानतळावरच सगळे कागद एका पाकिटात घालून बहिणीकडे द्यावेत.

आणि हे सगळं निघण्याआधी. बहुतेक भारतीय पॉलिसींची अट असते की प्रवास भारतातून सुरू व्हायचा आणि विमा त्याआधी काढलेला असायचा. ‘तिथे पोचल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांना बघण्यासारखं तिथे फारसं काही मिळत नाही.