दुसरी चावी मालकाकडे असली म्हणून

रविवारी सकाळी कट्ट्यावर वाद सुरू झाला तो साध्या प्रश्नावरून. फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. भाडेकरू कामावर गेलाय. मालक दुसरी चावी लावून आत जातो, बाथरूमची ओल बघतो, कुलूप लावून निघून जातो. काही हललं नाही, काही हरवलं नाही. मग चुकलं काय?

"काहीच नाही," अण्णा म्हणाले. त्यांचे दोन फ्लॅट भाड्याने आहेत आणि करारातला शब्द न् शब्द त्यांना पाठ असतो. "आणि आधी नावं नीट घ्या. तो भाडेकरू नाहीच. लिव्ह अँड लायसन्स आहे. मी त्याला फक्त राहायची परवानगी दिलीय, ताबा कायद्याने माझाच. माझ्या ताब्यातल्या घरात मी गेलो तर अतिक्रमण कसलं?"

हा मुद्दा वरवरचा नाही. लायसन्सने जागेत हक्क निर्माण होत नाही, हे 1882 च्या सुविधाधिकार (ईझमेंट्स) कायद्याच्या कलम 52 पासून चालत आलंय आणि आपल्याकडचा प्रत्येक मसुदा तेच लिहितो. म्हणून सगळे वकिलाकडे बघायला लागले.

"ताब्याचा वाद बाजूला ठेवू, कारण इथे त्याची गरजच नाही," वकील म्हणाला. "महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 28. जेमतेम दोन ओळींचं कलम आहे. मालकाला जागेची पाहणी करायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आगाऊ सूचना देऊन. सूचना कुणाला द्यायची तर भाडेकरूला, लायसन्सीला म्हणजे परवानगीवर राहणाऱ्याला, किंवा जो राहतोय त्याला. लायसन्सीचं नाव कलमातच घेतलंय, अण्णा. म्हणजे ताबा तुमचा की त्याचा, हे ठरायच्या आधीच सूचना देणं तुमच्यावर आलं."

"जुन्या कायद्यात तर आगाऊ सूचनेचा शब्दही नाही," अण्णा म्हणाले.

"मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 108. बरोबर. तिथे मालकाला वाजवी वेळी पाहणीला येऊ द्यावं एवढंच आहे. त्याच कलमात भाडेकरूला विनाव्यत्यय राहू द्यायचंही आहे, ते लोक वाचत नाहीत. पण 1999 च्या कायद्यात सूचनेची अट शब्दांत आहे, आणि आपल्या फ्लॅटना तो लागतो. मोठ्या कंपनीने किंवा बँकेने घेतलेली जागा या कायद्याबाहेर जाते, तिथे मात्र करार काय म्हणतो ते बघायचं."

भाड्याने राहणारी सीए म्हणाली, "आगाऊ म्हणजे किती? दाराबाहेर उभं राहून 'आलोय' असा मेसेज टाकला, तर तीही सूचनाच म्हणायची का?"

खरी अडचण इथे आहे. कलम 28 तास सांगत नाही. केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा 2021 मध्ये आला, त्याच्या कलम 17 मध्ये हे नीट मोजून दिलंय: निदान 24 तास आधी सूचना, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून; सूचनेत दिवस, वेळ आणि कारण; सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर प्रवेश नाही; आग, पूर, भूकंप अशा आणीबाणीत सूचनेची गरज नाही. पण हा नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच कायदा, आणि महाराष्ट्रात तो लागू नाही.

"म्हणून भांडताना 'कायद्याने 24 तास' असं म्हणू नकोस," वकिलाने तिला बजावलं. "समोरचा एका वाक्यात खोडून काढेल. कलम 28 म्हण आणि करारातलं कलम दाखव. सरकारच्या ई-नोंदणीच्या तयार मसुद्यात 'वाजवी सूचना देऊन' पाहणी, असंच वाक्य आहे. बहुतेकांनी त्यावर अंगठा लावलेला असतो, वाचलेलं नसतं."

"आणि सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल? गोपनीयता मूलभूत हक्क आहे, 2017 चा," सीए म्हणाली.

"नऊ न्यायमूर्तींचा निकाल आहे, मोठा आहे. पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध चालणारा हक्क. मालकाला पाठवायच्या पत्रात तो पहिल्या ओळीत घातलास तर पत्र भाषणासारखं वाटतं. पहिल्या ओळीत तारीख, वेळ आणि कलम 28."

एजंट इतका वेळ गप्प होता. "पाहणीचं कळलं. पण करार संपायच्या आधीचा महिना घ्या. नवीन गिऱ्हाइकाला फ्लॅट दाखवायचा असतो. शनिवारी चार पार्ट्या येतात. प्रत्येकीसाठी 24 तास आधी कोण सांगणार?"

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता, कारण विनासूचना शिरण्याचे बरेच प्रकार याच महिन्यात होतात. कलम 28 पाहणीबद्दल बोलतं. तिऱ्हाईत माणसांना घरातून फिरवणं ही पाहणी नव्हे. करारात तसं लिहिलं नसेल तर राहणारा नाही म्हणू शकतो. नाही म्हणून फायदा नाही, डिपॉझिट अजून मालकाकडेच असतं, हे एजंटचं म्हणणंही खरं. सीएचं म्हणणं थेट होतं: दाखवायला हरकत नाही, पण घरात मी असताना. कपाटात दागिने, टेबलावर लॅपटॉप, दोरीवर कपडे. चार अनोळखी माणसं आणि त्यांच्या मोबाइलवरचे व्हिडिओ. शेवटी एजंटनेच तोड सुचवली. शेवटच्या 30 दिवसांत आठवड्यातून दोन ठरलेले वार, दोन-दोन तास, सगळ्या पार्ट्या त्याच वेळात, आणि सामान दिसेल असा व्हिडिओ विचारल्याशिवाय काढायचा नाही. हे करार करतानाच लिहिलं तर वाद उरत नाही.

अण्णा आणीबाणीवर आले. "वरच्या मजल्यावर पाइप फुटला, खालच्याच्या छतातून पाणी गळतंय, भाडेकरू गावाला. मी 24 तास थांबू?"

"मुळीच नाही," वकील म्हणाला. "मोठं नुकसान टाळायला, वाईट हेतू नसताना केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही. पण जाताना फोन करायचा, सोसायटीचा माणूस बरोबर घ्यायचा, आत गेल्याचा आणि निघाल्याचा फोटो काढायचा आणि लगेच मेसेज टाकायचा."

इथे सोसायटीच्या सेक्रेटरीने जे सांगितलं ते प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावं. फ्लॅटची पाण्याची लाइन बऱ्याच इमारतींत गच्चीवर किंवा डक्टमध्ये स्वतंत्र वॉल्व्हने बंद होते. विजेचा मेन स्विच मीटर रूममध्ये असतो. पाइप गॅस असेल तर त्याचाही वॉल्व्ह बहुधा बाहेर मिळतो. "पाणी, वीज, गॅस, तिन्ही दार न उघडता तोडता येतात. आधी वॉल्व्ह, मग फोन, मग चावी. लोक उलटं करतात. चावी हातात असते म्हणून आधी दार उघडतात आणि वॉल्व्ह कुठला ते नंतर शोधत बसतात." वॉल्व्हवर फ्लॅट नंबरची पट्टी लावलेली नसेल तर मात्र यातलं काही जमत नाही. ते काम आधीच करून ठेवायचं. शिवाय तोडलेली लाइन दुरुस्ती झाल्याबरोबर चालू करायची. भाडेकरूला धडा शिकवायला पाणी-वीज बंद ठेवली तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 लागतं, ते वेगळं प्रकरण.

मग कुलूप. भाडेकरूने बदललं तर चालेल का? बहुतेक करारांत मालकाच्या परवानगीशिवाय फेरफार नको असं असतं. नवीन नाइट लॅच बसवायला दाराला नवी भोकं पडली की डिपॉझिटमधून कापायला कारण मिळतं. म्हणून पूर्ण लॅच बदलण्यापेक्षा त्याच कंपनीचं, त्याच मापाचं सिलिंडर, म्हणजे चावी फिरते तो कुलपाचा भाग, बदलावं, जुनं सिलिंडर चाव्यांसकट जपून ठेवावं आणि सोडताना परत बसवावं. त्याहून सोपं म्हणजे सेफ्टी डोअरच्या कडीला स्वतःचं कुलूप. भोक पाडायचं नाही, काही बदलायचं नाही. ते बाहेरून लावायचं असतं, म्हणून घरात असताना उपयोगाचं नाही. तेव्हा आतली कडी किंवा टॉवर बोल्ट. एकटी राहणारी बाई अंघोळीला गेली असताना बाहेरून लॅच फिरला तर दार अडवतो तो बोल्टच.

अण्णांना हे पटेना. चावी नसेल तर आणीबाणीत मी काय करू? वकिलाचा तोडगा साधा आहे: दुसरी चावी पाकिटात, पाकीट चिकटवून जोडावर दोघांच्या सह्या आणि तारीख, वरून पारदर्शक टेप. पाकीट मालकाकडेच राहू दे. उघडलं तर दिसेल, आणि उघडण्याचं कारण सांगावं लागेल. अण्णा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

मालक शिरून गेलाच, तर पुढे काय, हा प्रश्न एजंटने विचारला. उत्तर क्रमाने द्यायला हवं, कारण लोक पहिल्याच दिवशी पोलीस चौकीत जातात आणि "हे दिवाणी आहे" ऐकून परत येतात. आधी त्याच दिवशी लेखी हरकत: अमुक तारखेला, अमुक वाजता, सूचना न देता आपण आत आलात, कलम 28 प्रमाणे आगाऊ सूचना लागते, यापुढे मेसेजवर निदान एक दिवस आधी कळवा. भाषा सौम्य. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं, शिवाय स्पीड पोस्टाने, पोच जपून. वॉचमनच्या वहीतली नोंद आणि सोसायटीचं सीसीटीव्ही लवकर मागायचं, कारण जुनं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जातं. स्वतःचा कॅमेरा असेल तर मूळ मेमरी कार्ड तसंच ठेवायचं. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

"हे पत्र लाजेखातर लिहायचं नाही असं लोक म्हणतात," वकील म्हणाला, "पण सगळं वजन त्याच पत्रात आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 329 बघ. गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र आहे. पण आत शिरण्यामागे गुन्हा करायचा, धमकावायचा, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा हेतू दाखवावा लागतो. पहिल्या वेळी मालक म्हणेल, ओल बघायला गेलो, आणि ते खरंही असेल. लेखी हरकत घेतल्यानंतर तिसऱ्यांदा शिरला तर तेच म्हणणं टिकवणं अवघड." पोलिसांनी नोंद घेतली नाही तर वरिष्ठांकडे लेखी, मग न्यायदंडाधिकारी. त्याच्याही आधी खरा उपयोगी रस्ता दिवाणी आहे: मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयात मनाई हुकूम. आत कॅमेरा लावलेला सापडला तर मात्र पत्रात वेळ घालवायचा नाही, कॅमेऱ्याला हात न लावता सरळ पोलीस. खाजगी अवयवांचं चित्रण असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पेइंग गेस्टचं वेगळं. भाडे नियंत्रण कायद्यातल्या लायसन्सीच्या व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळलंय, त्यामुळे तिथे खोलीत यायचा नियम कागदावर लिहून घेतल्याशिवाय हातात फारसं काही नसतं. करार नोंदलेलाच नसेल तर? त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची. न नोंदल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे 'सूचनेशिवाय येईन असं ठरलं होतं' हे मालकालाच सिद्ध करावं लागेल.

"हे सगळं मालकावरच," अण्णा म्हणाले. "सूचना दिली, आणि तो दर वेळी 'आज नको' म्हणाला तर?"

"तर तो चुकला," वकील लगेच म्हणाला. "पाहणीचा हक्क खरा आहे. एकदा वेळ जमत नसेल तर दोन दिवसांतली दुसरी वेळ त्यानेच द्यायची. ती न देता टाळाटाळ केली तर करार मोडतोय तो."

सीएने बिलाच्या मागे कलम उतरवून घेतलं: 'लिहून देणार (मालक) यांनी निदान 24 तास आधी मेसेजने दिवस, वेळ व कारण कळवून, सकाळी 9 ते सायंकाळी 7 या वेळेत, लिहून घेणार (राहणारा) किंवा त्यांच्या माणसाच्या उपस्थितीत पाहणी करावी. वेळ गैरसोयीची असल्यास लिहून घेणार यांनी 48 तासांतील दुसरी वेळ द्यावी. आग, गळती, शॉर्टसर्किट असल्यास सूचनेची अट नाही. मात्र प्रवेशाची माहिती त्याच दिवशी द्यावी.'

अण्णांनी दोनदा वाचलं. 'उपस्थितीत' या शब्दावर त्यांची हरकत राहिली. परगावी गेलेला माणूस महिनाभर आला नाही तर? "त्याच्या माणसाच्या, असं लिहिलंय," सीए म्हणाली. "आणि तोही नसेल तर व्हिडिओ कॉलवर." अण्णांनी पेन मागितलं आणि तेवढे शब्द वाढवले.