पेटी आपली, भाटिया परके

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा वाजलं. संगीतकार वनराज भाटियांच्या पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या रचना जपायला सरकारने पैसे द्यावेत, असं कुणीतरी लिहिलं. त्यावर आत्तेभाऊ उसळला : "आधी आपल्या बंदिशी सांभाळा. साहेबाचं संगीत साहेब सांभाळेल."

साहेब सांभाळतो, हे खरंच. इथे स्वित्झर्लंडमध्ये, बाझलला म्युन्स्टरप्लाट्झवर पॉल झाखर प्रतिष्ठान आहे. स्ट्राविन्स्की, बूलेझ, लिगेती या संगीतकारांची हस्तलिखितं तिथे आहेत. स्ट्राविन्स्की जन्मला रशियात, वारला न्यूयॉर्कमध्ये. त्याचे कागद 1983 मध्ये घेतले बाझलने. तो आपला की परका, यावर कुणी काथ्याकूट केला नाही. पैसा सरकारचा नव्हता, औषधांच्या धंद्यातला होता, असं आत्तेभाऊ लगेच म्हणेल. म्हणू दे. मुंबईत काय औषधकंपन्या नाहीत?

आणि साहेबाचं म्हणजे नक्की काय? पेटी पॅरिसची, तिचं पेटंट 1842 चं. गोविंदराव टेंब्यांच्या हाताखाली आली आणि घरची झाली. भाटियाही पॅरिसला नादिया बूलांजे या संगीतशिक्षिकेकडे शिकले. पेटी आपली झाली, भाटिया परके राहिले. ज्यांच्या 'भारत एक खोज'मधलं नासदीय सूक्त याच आत्तेभावाने रविवारी सकाळी टीव्हीसमोर मांडी घालून ऐकलंय, ते परके! हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून निघालेल्या 'भूमिका'चं संगीत त्यांचंच, 'मंथन'चं आणि 'तमस'चंही. 2012 मध्ये पद्मश्री दिली की झालं. 2019 मध्ये बातम्या आल्या की घरातल्या वस्तू विकून ते दिवस काढताहेत. 2021 मध्ये गेले.

सिनेमाचं संगीत फितीवर तरी उरतं. पण मैफिलीसाठी लिहिलेल्या रचना, कार्नाडांच्या नाटकावरचा 'अग्निवर्षा' हा ऑपेरा, यांचं काय? बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते. ऑर्केस्ट्राचं तसं नाही. पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली प्रत, कपाटात जपून ठेवला तरी तो वाजत नाही. त्यातून प्रत्येक वादकाचा वेगळा पार्ट काढावा लागतो. माझी मुलगी इथल्या युवा ऑर्केस्ट्रात व्हिओला वाजवते, म्हणून हे मला कळलं. तिच्या पानावर फक्त तिच्या ओळी असतात. पान संपतं तेही नेमकं विश्रांतीच्या मात्रांवर, म्हणजे उलटायला हात मोकळा मिळतो. ते चुकलं तर ऐन भरात अर्धा विभाग गप्प. हे काम जाणकाराने बसून करायचं असतं, त्याला मेहनताना लागतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. वादक बरेचसे बाहेरून आणलेले, पण आहे.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. उत्तर आलं : "तुला काय जातंय तिकडे बसून बोलायला?"

हे लागलं, कारण भाटिया परत आले होते. लंडनची रॉयल अकादमी, मग पॅरिस, एवढं करून ज्या देशात त्यांच्या संगीताला ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके, तिथे ते परतले आणि जाहिरातींना चाली देत जगले. मी नाही परतलो. माझ्याकडे सी परमिट, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना आहे, रविवारी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी बाटल्यासुद्धा टाकायला जात नाही, इतका इथला झालोय. तरी ऑफिसात कुणी भारतीय संगीताबद्दल विचारलं की सतारीच्या पुढे गाडी जात नाही. मी भाटियांचं नाव घेतो तेव्हा समोरचा नम्रपणे मान हलवतो. तिथे त्यांना साहेबाचे म्हणतात, इथे कुणाचेच नाहीत. त्यांची बाजू घेताना मी थोडी माझीही घेतो, हे आत्तेभावाला कळत असणार.

मुलीच्या ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरशी बोललो. वसंतातल्या कार्यक्रमात भाटियांची स्ट्रिंग्जसाठीची, म्हणजे फक्त तंतुवाद्यांची, एखादी छोटी रचना घेऊ म्हणाला, पार्ट्स पाठव. मी ग्रुपवर विचारलं : मुंबईत मिळवून देणारं कुणी ओळखीचं आहे का?

आत्तेभावाचं उत्तर मिनिटभरात आलं. "ये की इकडे. शोध."