आमची पात्रे पुन्हा शून्यावर आणू नका

सातपूरच्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून सिडकोतल्या घरी परतल्यावर, झोपेचे दोन तास मोडून एका ऑनलाइन खेळात चार वर्षे जे पात्र मी घडवले, त्याची सगळी कौशल्ये पुढच्या अपडेटमध्ये नव्या साच्यात कोंबली जाणार आहेत, आणि याला म्हणे ‘सुधारणा’ म्हणायचे! कोणी मागितली होती ही सुधारणा? दर सहा महिन्यांनी हेच. कधी तलवारीची ताकद निम्मी होते, कधी महिनाभर खपून मिळवलेले चिलखत कुचकामी ठरते, आणि नेमके त्याच आठवड्यात खेळातल्या दुकानात त्याहून सरस चिलखत पैसे मोजून घ्यायला येते. नवे बदल आधी खेळून पाहायच्या चाचणी सर्व्हरवर आम्ही दिलेले अभिप्राय वाचतो तरी कोण? ‘रुनस्केप’ या अशाच ऑनलाइन खेळाने २०१२ मध्ये लढाईची पद्धत अशीच मुळापासून बदलली, खेळाडू दुरावले, आणि २०१३ मध्ये मतदान घेऊन २००७ ची जुनी आवृत्ती परत आणावी लागली, एवढे ढळढळीत उदाहरण समोर असताना आम्हाला आधी विचारायला काय हरकत आहे? ज्याने आमचा गट उभा केला, तो गंगापूर रोडचा मित्र परवा म्हणाला, “दादा, मी आता सोडतो.” सोडू नकोस म्हणायला माझ्याकडे एकही कारण उरलेले नव्हते.