‘स्टेप-डाउन लावला की बाहेरचं कुठलंही डेक चालतं’: अर्धंच खरं

परदेशातून आणलेलं १२० व्होल्टचं टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) किंवा अॅम्प्लिफायर २३० व्होल्टवर चालवायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो, असा सल्ला सर्रास फिरतोय. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, हर्ट्झमध्ये) नाही. ६० हर्ट्झ हवे असतील आणि भिंतीतून ५० येत असतील, तर बाहेरही ५०च पडतात.

सर्वांत आधी दगा देतं ते एसी सिंक्रोनस मोटरचं टर्नटेबल, कारण या मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवरच ठरतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी जेमतेम २७.८ फेरे घेते आणि गाणं तीन अर्धस्वरांनी (सेमीटोन) खाली उतरतं. इलाज म्हणजे ५० हर्ट्झची मोटर-पुली (मोटरवरचं बेल्ट फिरवणारं चाक). बेल्ट बदलून काही होत नाही. डीसी मोटरला ही अडचण नाही.

फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ५० हर्ट्झवर फ्लक्स (गाभ्यातला चुंबकीय प्रवाह) २० टक्क्यांनी वाढतो; तो गुणगुणतो, तापतो. यंत्रामागच्या पाटीवर ‘५०/६०’ असेल तर निर्धास्त राहा. पण जपानी १०० व्होल्टच्या यंत्राला १२० देऊ नका, ते २० टक्के जास्त होतात.

मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर स्टेप-डाउन हवाच कशाला? प्लग काढा, सिलेक्टर २३०/२४० वर न्या, फ्यूज पाटीवर लिहिलेलाच टाका: करंट साधारण निम्मा होतो, जुना फ्यूज राहिला तर बिघाडात वेळेवर उडणार नाही. ‘१००–२४०’ लिहिलेल्या अडॅप्टरला फक्त पिन बदलणारा प्लग लागतो.

स्टेप-डाउन घ्यायचाच झाला तर पाटीवरच्या वॅटच्या दीडपट-दुप्पट व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता) घ्या, आणि अर्थिंग पुढे जातंय का तेही तपासा.