लो अँगल लावला म्हणून कोणी ताकदवान होत नाही

कॅमेरा शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक तक्ता कायम फिरत असतो. खालून घेतलं की पात्र ताकदवान, वरून घेतलं की दुबळं. भावना हवी तर क्लोजअप. 50 एमएमची लेन्स म्हणजे माणसाचा डोळा, आणि वाइड लेन्स (जास्त रुंद दृश्य टिपणारी) चेहऱ्याची वाट लावते. 180 अंशांची रेषा, म्हणजे बोलणाऱ्या दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा, कॅमेऱ्याने ओलांडायची नाही. फ्रेम तिरकी म्हणजे पात्राचं डोकं फिरलेलं. शेवटी ठळक अक्षरांत, 'एवढं पाठ करा, बाकी कॅमेरा बोलेल.' मीही तो पाठ केला होता आणि त्यापायी शूटिंगचा एक अख्खा दिवस घालवला. म्हणून एकेक कलम घेतो.

आधी लो अँगल, कारण माझा दिवस त्यातच गेला. शॉर्ट फिल्ममध्ये एक संतापलेला बाप होता. तक्त्याप्रमाणे कॅमेरा जमिनीलगत ठेवला, लेन्स वर केली. एडिटला बसलो तेव्हा दिसल्या त्या नाकपुड्या, हनुवटीखालची थरथरणारी कातडी आणि डोक्यामागे गरगरणारा पंखा. नट ओरडताना वर बघत होता, त्यामुळे डोळे गायबच. मागे उभं असलेलं कोणीतरी फिस्सकन हसलं. पण त्याच टेकच्या शेवटी मी 'कट' म्हणायला उशीर केला होता. ओरडून झाल्यावर नटाने मान खाली घातली आणि तीनेक सेकंद तसाच उभा राहिला. मान खाली म्हटल्यावर चेहरा नेमका लेन्सकडे वळला, आणि तो माणूस पार मोडलेला दिसला. अँगल तोच होता, कॅमेरा तसूभरही हलला नव्हता.

याचं मोठं उदाहरण 'सिटिझन केन' (1941). निवडणूक हरल्यानंतरचा नायक केन आणि त्याचा मित्र यांचा प्रसंग इतक्या खालून घेतलाय की कॅमेरा बसवायला जमीन खोदावी लागली होती. तक्त्याच्या हिशेबाने हा माणूस इथे सर्वांत बलवान दिसायला हवा. दिसतो मात्र हरलेला. धिप्पाड आहे, पण डोक्यावर छत आलंय आणि एवढा मोठा देह घेऊन करायचं काय, ते त्याला कळत नाहीये.

शिवाय तक्त्यात कॅमेऱ्याची उंची आणि कॅमेऱ्याचा कोन यांची खिचडी केलेली असते. जपानी दिग्दर्शक ओझूचा कॅमेरा बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली असतो, पण लेन्स जवळजवळ सरळच बघते. त्याची पात्रं त्यामुळे राजे वाटत नाहीत. आपणही त्यांच्यासोबत जमिनीवर बसलोय, एवढंच वाटतं.

आता वरून घेतलेला दुबळा माणूस. 'सायको'मध्ये (1960) डिटेक्टिव्ह जिना चढून वर पोचतो आणि खोलीतून सुरा घेऊन कोणीतरी धावत येतं. हा शॉट थेट छतावरून आहे. मारणारा आणि मरणारा, दोघेही वरूनच दिसतात. मग दुबळा कोण? दिग्दर्शक हिचकॉकने कारण सांगून ठेवलंय. त्याला मारेकऱ्याचा चेहरा लपवायचा होता, पण लपवतोय हे कळू द्यायचं नव्हतं. दुसरं म्हणजे त्या लांबच्या शॉटवरून थेट डिटेक्टिव्हच्या भल्यामोठ्या चेहऱ्यावर कट मारायचा होता. घाव बसतो तो त्या कटमध्ये. तक्त्यात प्रत्येक चौकट सुटी असते. आधी काय होतं, नंतर काय येणार, याला जागाच नाही.

क्लोजअपबद्दल फार बोलत नाही. 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये (1976) नायक फोनवर त्याला आवडणाऱ्या मुलीची मनधरणी करत असतो आणि ती नकार देत असते. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे जात नाही. उलट त्याला सोडून बाजूला सरकतो आणि रिकाम्या कॉरिडॉरकडे बघत थांबतो. आपल्यालाच त्याच्याकडे बघवत नाही, असं होतं.

लेन्सचं कलम मात्र सरळसरळ चुकीचं आहे, त्यात मतभेदाला वाव नाही. चेहरा बिघडतो तो अंतरामुळे. समजा नाकाच्या टोकापासून कानापर्यंत 12 सेंटिमीटर खोली आहे. कॅमेरा नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 42 वर, म्हणजे नाक कानाच्या मानाने 40 टक्के फुगलेलं. कॅमेरा 2 मीटरवर न्या, तोच फरक 6 टक्क्यांवर येतो. त्या 2 मीटरवरून वाइड लेन्सने काढा आणि मधला चेहरा कापून मोठा करा. नाकाकानाचं प्रमाण लांब लेन्ससारखंच येईल, फक्त चित्र भरड होईल. वाइड लेन्सवर आळ येतो, कारण चेहऱ्याने फ्रेम भरायची म्हणून आपणच तिला नाकाशी नेतो.

आणि 'माणसाचा डोळा'? 36 मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर 50 एमएमला आडवं सुमारे 40 अंश दिसतं. सिनेमाच्या सुपर 35 या त्याहून लहान सेन्सरवर तीच लेन्स सुमारे 28 अंशच दाखवते. आपले दोन डोळे मिळून जवळपास 200 अंश टिपतात. त्यामुळे कुठल्या सेन्सरवर ते सांगितल्याशिवाय नुसत्या 50 या आकड्याला काही अर्थ नाही.

180 अंशांचं कलम त्यातल्या त्यात खरं आहे, आणि नवशिक्याने ते पाळावंच. दोघं समोरासमोर बोलताहेत आणि कटनंतर दोघंही उजवीकडेच बघताहेत, असं झालं की बघणारा अडखळतो. पण 'कधीच नाही' हे खोटं. शॉट चालू असताना कॅमेरा पलीकडे नेता येतो, पात्र उठून जागा बदलू शकतं, किंवा मध्ये नेमका रेषेवरून घेतलेला एक शॉट टाकता येतो. ओझू तर बिनदिक्कत पलीकडून कट करायचा आणि तरी कोण कोणाशी बोलतंय ते कळायचं.

राहिली तिरकी फ्रेम. 'द थर्ड मॅन' (1949) अशा फ्रेम्सनी भरलेला आहे, पण तिथे वेड कोणाला लागलेलं नाही. वाकडं आहे ते युद्धानंतरचं व्हिएन्ना, जिथे कोणाचाच भरवसा नाही. अर्थात अतिरेक होतोच. हॉलिवूडचा दिग्दर्शक विल्यम वायलरने हा सिनेमा पाहून त्याचा दिग्दर्शक कॅरोल रीडला एक स्पिरिट लेव्हल (वस्तू आडवी सरळ आहे का ते दाखवणारं उपकरण) भेट पाठवली, असा किस्सा सांगतात. पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेव म्हणून.