नवा माऊस घ्यायच्या आधी रिसीव्हर हलवा

नाशिकला कॉलेज रोडच्या आमच्या कट्ट्यावर परवा झालेला वाद लिहून ठेवतोय. त्यातून जे निघालं ते बिनतारी माऊस वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. चांगले माऊस कचऱ्यात जातात ते त्यामुळेच.

भाऊसाहेब शरणपूर रोडला करसल्लागार आहेत. जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-३बी, भरायची मुदत २० तारखेची, त्यामुळे त्या आठवड्यात ते कट्ट्यावर आले तरी लॅपटॉपची बॅग खांद्याला असते. बसायच्या आधीच म्हणाले, "माऊसनं वैताग आणलाय. दिवसभर नीट चालतो आणि संध्याकाळी पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजतो. मग थोड्या वेळानं आपोआप चालू."

"टाका आणि नवा घ्या," नाना म्हणाले. नानांचं अंबडला वर्कशॉप आहे. "तीन-चारशेच्या वस्तूपायी डोकं कशाला शिणवायचं? तुमच्या तासाभराची फी त्याहून जास्त."

"सेल बदलला का?" मास्तरांनी विचारलं. ते विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत.

"बदलला की. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढून टाकला. घड्याळ चालू होतं, म्हणजे सेल चांगलाच."

मास्तर एकदम सरसावून बसले. "घड्याळाला करंट लागतो नावापुरता. त्यावर मरायला टेकलेला सेलसुद्धा महिनोन् महिने निघतो. माऊसला रेडिओवरून संदेश पाठवायचा असतो, त्या क्षणी तो जास्त करंट ओढतो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, म्हणून नेमकं तेव्हाच व्होल्टेज खाली बसतं. घड्याळ चालतंय हा पुरावा होत नाही."

"पण मल्टिमीटरवर १.४ व्होल्ट दाखवला तर?" नाना.

"भार न लावता मोजलंत तर दाखवेलच. आणि माऊसच्या खालचा लाल दिवा लागतोय म्हणून सेल ठणठणीत, हेही खरं नाही. माऊस बंद पडला की पहिलं काम म्हणजे पाकिटातला कोरा अल्कलाइन सेल टाकायचा. हो, आणि कप्प्यातली स्प्रिंग बघायची. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर सेल गळलाय. कापसाला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसायचं, कोरडं करायचं, मगच नवा सेल."

हे सगळं बरोबर होतं, पण मला एक गोष्ट खटकत होती आणि ती मी बोलून दाखवली. दमलेला सेल दिवसा चांगला आणि संध्याकाळी वाईट, असा वागत नाही. वेळ ठरलेली असेल तर कारण माऊसच्या बाहेर शोधायला पाहिजे.

ताई सिडकोत आपले सरकार सेवा केंद्र चालवतात. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे कारण निघालं विंडोजच्या वीजबचतीचं. जरा वेळ काही हलवलं नाही की कॉम्प्युटर त्या यूएसबी पोर्टला झोपवतो. परत हात लावला की माऊस मेलेला. विंडोज आणि एक्स एकदम दाबायचं, मग एम. डिव्हाइस मॅनेजर उघडतो. तिथं यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट हे पान असतं. वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिक तिथं असते, ती काढून टाकायची. तेव्हापासून त्रास नाही."

"माझा काम करता करताच थिजतो हो ताई," भाऊसाहेब म्हणाले. "मी बसलेलोच असतो तिथं."

म्हणजे तेही नाही.

अण्णा इतका वेळ गप्प होते. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "संध्याकाळी असं काय करता जे दिवसा करत नाही?"

"बॅकअप घेतो. अशिलांचा सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर. रोज, न चुकता."

"आणि ती डिस्क लावता कुठं?"

"डाव्या बाजूला. माऊसचा रिसीव्हर, यूएसबीत खोचायचा तो छोटा तुकडा, असतो ना, त्याच्या शेजारच्याच पोर्टात."

"मग झालं," अण्णा म्हणाले. "माऊस शाबूत आहे."

नाना उसळलेच. "काहीही काय अण्णा! डिस्कचा डेटा जातो वायरीतून, माऊसचा हवेतून. दोघांचा संबंध काय?"

नानांचा प्रश्न रास्त होता. अण्णांनी दिलेलं उत्तर मी जमेल तसं सविस्तर देतो, कारण वादाचा गाभा तोच आहे. माऊस, त्याचा रिसीव्हर, ब्लूटूथ आणि जुनं वायफाय हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ पासून विनापरवाना खुला आहे, म्हणून तिथं गर्दी. आता डिस्कच्या यूएसबी ३.० वायरीतून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. एवढ्या वेगानं सिग्नल बदलतो तेव्हा कनेक्टर, केबल आणि डिस्कच्या खोक्यातून रेडिओ लहरी बाहेर झिरपतात, आणि त्या खूप रुंद पट्ट्यात पसरतात. २.४ गिगाहर्ट्झ त्या पट्ट्याच्या पोटातच येतं. इंटेलनं २०१२ मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मोजणीत डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलनं चढलेला दिसला. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. माऊसची प्रक्षेपणाची ताकद काही मिलिवॉट, आणि रिसीव्हरचा अँटेना त्या नखाएवढ्या तुकड्यात, गोंगाटाला चिकटून बसलेला.

"कुंभाच्या पर्वणीला रामकुंडावर उभं राहून कुणी कुजबुजलं तर ऐकू येईल का?" अण्णांनी विचारलं. "बोलणाऱ्याचा घसा चांगला आहे, ऐकणाऱ्याचे कानही चांगले आहेत. तरी नाही ऐकू येणार. तुम्ही मात्र बोलणाऱ्यालाच बदलायला निघालात."

"बोलून काय होतं? दाखवा," नाना म्हणाले.

हे मला आवडलं. भाऊसाहेबांनी लॅपटॉप उघडला, डिस्क लावली, मोठं फोल्डर कॉपीला टाकलं. कट्ट्याच्या गुळगुळीत दगडावर नको म्हणून माऊस सकाळच्या पेपरवर ठेवला. बाण अडखळायला लागला, मग थिजला. अण्णांनी रिसीव्हर काढून उजव्या बाजूच्या पोर्टात लावला. कॉपी चालूच होती आणि बाण सरळ पळायला लागला. "योगायोग," नाना म्हणाले. रिसीव्हर परत डावीकडे. परत थिजला. नानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि स्वतः रिसीव्हर उजवीकडे लावून बघितला.

आता मला जे म्हणायचंय ते असं. भाऊसाहेबांनी नानांचं ऐकून नवा माऊस आणला असता, त्याच पोर्टात रिसीव्हर लावला असता, तर संध्याकाळी तोही थिजला असता. मग म्हणाले असते, हल्लीचा मालच खराब. दोन चांगल्या वस्तू बाद, आणि कारण जागच्या जागी. आपण वस्तूला दोष देतो कारण वस्तू दिसते. तिच्या भोवतीचा गोंगाट दिसत नाही.

नाना हटले नाहीत. "मग वायरवाला घ्या. रिसीव्हर नको, सेल नको." ऑफिसात एकाच टेबलावर बसणाऱ्यासाठी हे मलाही पटतं. पण भाऊसाहेब रोज दोन ठिकाणी बसतात, आणि हातातला माऊस धड आहे हे डोळ्यांसमोर दिसल्यावर तो बदलायचं कारण उरत नाही.

अण्णांचा उपाय स्वस्त आहे. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्यायची, रिसीव्हर तिच्या टोकाला लावून माऊसजवळ आणून ठेवायचा. डेस्कटॉप असेल तर रिसीव्हर मागच्या पोर्टात लावूच नये. मध्ये अख्खा पत्र्याचा कॅबिनेट येतो. पोर्ट आतून निळं असेल तर सहसा ते ३.० असतं, काळं असेल तर बहुधा २.०. रिसीव्हर काळ्यात, डिस्क निळ्यात, आणि दोन्हींत जमेल तेवढं अंतर. ताई म्हणाल्या, वायफायचा राउटर टेबलावरच असेल तर? छोटू एमजी रोडवरच्या दुकानात लॅपटॉप दुरुस्त करतो. तो म्हणाला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका, तेवढी गर्दी कमी.

छोटूची स्वतःची पद्धत वेगळी आणि माझ्या मते सगळ्यांनी आधी हीच वापरावी. गिऱ्हाईक बंद माऊस घेऊन आलं की तो माऊस आणि रिसीव्हर दोन्ही दुसऱ्या लॅपटॉपला लावतो. तिथं चालला तर माऊस निर्दोष, शोध कॉम्प्युटरकडे. तिथंही नाही चालला तर सेल, माऊसच्या खालचं चालू-बंद बटण, मग माऊस. "लोक सरळ ड्रायव्हर, म्हणजे माऊस चालवणारं सॉफ्टवेअर, उडवायला लागतात भो," तो म्हणाला, "आणि खालचं बटण बंद असतं." बाण थिजत नसेल, नुसता उड्या मारत असेल, तर ते वेगळं प्रकरण: काचेचं टेबल, नाहीतर सेन्सरच्या भोकात अडकलेला केस.

काम अर्धवट असताना माऊस गेला तर घाबरायचं नाही, हेही त्यानंच सांगितलं. आधी कंट्रोल-एस, म्हणजे काम जपलं जातं. नंतर रिस्टार्ट करायचं तर विंडोज-एक्स, मग यू, मग आर. आकड्यांचा वेगळा भाग असलेला कीबोर्ड असेल तर डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबून एंटर मारलं की आकड्यांनी बाण हलवता येतो.

भाऊसाहेब निघताना छोटूनं त्यांना थांबवलं. "काका, रिसीव्हर सांभाळा. स्वस्तातल्या बऱ्याच माऊसची जोडी कारखान्यातच बांधलेली असते, रिसीव्हर हरवला तर दुसरा चालत नाही. प्रवासात सेलच्या कप्प्यात ठेवा, तिथं त्याची खाच असते." भाऊसाहेबांनी कप्पा उघडून खाच बघितली आणि दुकानं बंद व्हायच्या आत केबल घ्यायला छोटूबरोबरच एमजी रोडला गेले.