राजवाड्याच्या भिंतीतला शंख: एका फॉरवर्डला उत्तर

महालाच्या भिंतींत शंखासारख्या पिळलेल्या अवाढव्य नळ्या, एक तोंड बाहेरच्या चौकाकडे, दुसरं आतल्या पुतळ्याच्या ओठांत. हे जुनं चित्र तुमच्याही ग्रुपवर येऊन गेलं असेल. सोबतचा मजकूर असा: ‘१६५० साली इटलीतले राजे या यंत्राने प्रजेचं बोलणं चोरून ऐकत. शंखाच्या वळणांमुळे आवाज हजारपट वाढतो. मूळ शोध सिसिलीच्या डायोनिसियस राजाचा, त्याने कैद्यांचं बोलणं ऐकायला गुहाच खोदून घेतली. हेच तंत्र आपल्या रायगडावर!’ आत्याने पाठवलं तेव्हा सोडून दिलं. आता भाचीने ते शाळेच्या प्रकल्पात चिकटवलंय.

चित्र खरं आहे. अथानासियस किर्चर या जेझुइट (एक ख्रिस्ती धर्मसंघ) जर्मन पंडिताच्या, १६५० मध्ये रोमला छापलेल्या ‘म्युझुर्जिया युनिव्हर्सालिस’ या ग्रंथातलं. पण तो आराखडा आहे. कोणत्या राजाने, कुठल्या महालात ही नळी बसवली? फॉरवर्डमध्ये एकही नाव नाही.

बरं, बसवली असं धरू. नळी दोन्ही बाजूंनी चालते, हे कुणाच्याच डोक्यात कसं येत नाही? चौकातलं बोलणं आत येणार, तसं राजाने प्रधानाशी केलेलं खलबत त्याच वाटेने चौकात जाणार. शिवाय आतला पुतळा मोठ्याने बोलणार म्हणजे दालनातले हुजरे, दासी, पाहुणे सगळेच ऐकणार. ही कसली हेरगिरी? आणि चौकाकडचं ते भलंमोठं तोंड काही निवडून ऐकत नाही. घोड्यांच्या टापा, चर्चच्या घंटा, भाजीवाल्यांचा आरडाओरडा, सगळं एकदम आत येईल. त्यात कट रचणारे दोघे कुजबुजत असतील तर त्यांचं काय ऐकू येणार, कप्पाळ!

वळणांचं म्हणाल तर ती शोभेची. नळीत आवाज चौफेर पसरत नाही, म्हणून लांबवर टिकतो. निमुळत्या कर्ण्याने तो गोळा होतो. पिळाने काहीही वाढत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ बिओने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये पाण्याच्या ९५१ मीटर लांब बिडाच्या नळातून अगदी हळू आवाजातलं संभाषण पलीकडे ऐकलं होतं. तिथे शंखबिंख काही नव्हता.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की किर्चर नुसता बाता मारणारा नव्हता. रोमच्या कॉलेजात त्याने आपल्या खोलीपासून खाली दाराकडे खरोखर एक नळी नेली होती. द्वारपाल तिच्यातून त्याला हाक मारत. पुढे तीच नळी त्याच्या संग्रहालयात बोलत्या पुतळ्याचा खेळ दाखवायला वापरली गेली. म्हणजे उपयोग झाला तो दारावरच्या बेलसारखा आणि गंमत म्हणून.

आता डायोनिसियस. सिसिलीतल्या सिराक्यूज शहरातली ती गुहा, ‘डायोनिसियसचा कान’, चुनखडीच्या जुन्या खाणीतली आहे. आवाज घुमतो, फार सुंदर घुमतो. पण घुमणं म्हणजे शब्द कळणं नव्हे. उलट प्रतिध्वनीत अक्षरं एकमेकांत मिसळतात. डायोनिसियस सत्तेवर आला इ.स.पू. ४०५ मध्ये, आणि हे नाव पडलं १६०८ मध्ये! ते दिलं चित्रकार काराव्हाज्जोने, माल्टाहून पळून तो सिराक्यूजला आला होता तेव्हा. गुहा दाखवायला नेणाऱ्या मिराबेल्ला या स्थानिक अभ्यासकानेच १६१३ च्या आपल्या पुस्तकात हे नोंदवलंय. दोन हजार वर्षांनी एका चित्रकाराने केलेल्या शेऱ्यावरून राजाला शोधक ठरवायचं? त्या परिसरातल्या खाणींत कैदी होते हे मात्र खरं. इ.स.पू. ४१३ मध्ये सिराक्यूजवर चालून आलेल्या अथेन्सच्या सैन्याचा पराभव झाला आणि हजारो अथेन्सवाले तिथे डांबले गेले, पण तेव्हा डायोनिसियसची सत्ता यायला अजून आठ वर्षं होती.

राहिला रायगड. नगारखान्याच्या दारातलं हलकं बोलणं सिंहासनापाशी ऐकू येतं, गडावर गेलेल्या बहुतेकांनी ते करून पाहिलंय. पण ती भर दरबाराची जागा. फिर्यादीचं म्हणणं राजापर्यंत उघडपणे पोचावं यासाठी ती उपयोगी, चोरून ऐकण्यासाठी नाही. महाराजांचं ते काम बहिर्जी नाईक आणि त्यांची माणसं गावोगाव फिरून करत होती.